गिटारवर एफ कॉर्ड धरला की मनगट जाम दुखून राहिलंय

भाऊ, ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून वाजवायचे) जमतात पण एफ मेजर आला की अंगठ्याखालचा भाग अन् मनगट इतकं दुखते की अर्ध्या गाण्यातच हात गळून जाते, अजून जोर लावू का?

— जोर नको लावू बे. नटजवळ (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) तार सगळ्यात कडक लागते, आधी पाचव्या फ्रेटवर (नेकवरची आडवी धातूची पट्टी) बार धर, म्हणजे तर्जनी तारांवर आडवी टाकून दाब, जमला की एकेक करत पहिल्याकडे ये. तर्जनी जराशी कडेवर कलती ठेव, फ्रेटला अगदी चिकटून. अन् एफ मध्ये तर्जनीला पहिली, दुसरी अन् सहावी तारच दाबायची असते, बाकी तीन दुसरी बोटं सांभाळतात, उगाच सहाच्या सहा कशाला दाबतो

— बसून वाजवतो का? पट्टा लाव, नेक (गिटारची मान) थोडी वर उचल, मनगट आपोआप सरळ होते. अंगठ्यानं चिमटा काढण्यापेक्षा हाताच्या वजनानं मागं ओढ.

— गिटार दाखवून घे आधी. पावसाळ्यात आपल्या नागपुरात लाकूड फुगून तारा वर येतात, मे मधल्या कोरड्या उन्हात उलटं. नटच्या खाचा उथळ असल्या तर तुझी काहीच चूक नाही राजा. दहाचा तारांचा सेट (म्हणजे बारीक तारा) टाक, बाराच्यापेक्षा हलका पडते. बोटांना मुंग्या येतात का पण? येत असतील तर सराव बंद, डॉक्टरला दाखव.

— मुंग्या नाही येत दादा, फक्त दुखते. सेट बाराचाच आहे 😅 बदलतो उद्याच