वकीलताई काम थांबवतायत, त्यांचा सन्मान कसा करावा?

सुधागडकर:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या वकीलताई दिवाळीनंतर वकिली बंद करतायत. नाव मुद्दाम देत नाही, त्यांना आवडणार नाही. आयुष्यभर कातकरी वाड्यांची कामं केली, वीटभट्टीच्या उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशात) अडकलेली कुटुंबं सोडवून आणणं, वनहक्काचे दावे, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस, आणि फी म्हणाल तर कोणी सुकट आणून दिली तरी घ्यायच्या. आम्ही काही जण मिळून कार्यक्रम करायचा म्हणतोय पण हॉल, शाल, श्रीफळ, पाच भाषणं आणि जेवण एवढ्यावर संपलं तर मला स्वतःला फार वाईट वाटेल, कारण त्यांनी जे केलं ते पुढच्यांना कळायला पाहिजे. तुमच्याकडे कोणी असं काही केलंय का?

कोर्टातली:
मी ज्युनियर वकील आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. सन्मानाचं नंतर बघा, आधी विचारा की त्यांच्या चालू केसेस कोणाकडे जाणार. ताई थांबल्या की प्रत्येक पक्षकाराचं नवं वकीलपत्र लागणार, त्यावर त्यांची एनओसी लागणार, आणि भट्टीवर गेलेला माणूस मे-जूनपर्यंत गावात परत येत नाही, मग सह्या-अंगठे कोण घेणार? तारखेला कोणी उभं राहिलं नाही तर केस डिसमिस होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यात कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, बायका, वेठबिगारीतले लोक यांना वकील फुकट मिळतो, तेव्हा तालुका समितीत आत्ताच अर्ज टाका. हो, आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या केस असतील तर पीडितांना समजावून ठेवा की त्या कायद्याच्या 15अ कलमाने आरोपीच्या जामिनाच्या अर्जावर त्यांना नोटीस मिळाली पाहिजे आणि बोलायची संधी पण, ताई नसताना हे कोणी आठवणीने सांगेलच असं नाही.

वाडीवरचा:
मी स्वतः कातकरी आहे, आमच्या घरच्यांना ताईंनीच भट्टीवरून सोडवलं तेव्हा मी लहान होतो. मुकादम म्हणायचा उचल फिटली नाही, आणि हिशोबाची वही त्याच्याकडेच. ताईंनी आईबापाला प्रांतसाहेबांसमोर बसवलं आणि आधी सांगून ठेवलं होतं, किती उचल घेतली ते बोला, आठवड्याला खर्ची (खाण्यापिण्याचे पैसे) किती मिळायची ते बोला, बाजाराला एकटं जाऊ द्यायचे का ते बोला. बाप घाबरला होता, आईच बोलली. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने असलं कर्जच रद्द होतं हे आम्हाला तेव्हा कळलं, आणि मुक्तीचा दाखला आईने पत्र्याच्या पेटीत ठेवलाय अजून. दुसरं म्हणजे कुठल्याही कागदावर अंगठा देण्याआधी ताई तो मोठ्याने वाचायला लावायच्या, वाचून झाला की उलट विचारायच्या काय लिहिलंय सांग. माझी बहीण आज तसंच करते, ग्रामपंचायतीत सुद्धा.
आणि एक सांगतो, शाल-श्रीफळाला नावं ठेवू नका. आमच्या बायकांना ताईंना साडी नेसवायची आहे, ओटी भरायची आहे. ते पाहिजेच. फक्त हॉलमध्ये नको, वाडीवर करा, गाडीभाडं काढून तालुक्याला कोण येणार?

पुणेरी वाचक:
वाडीवरचा यांचं वाचून भरून आलं. वर कोणी विचारलं की असं कुठे केलंय, तर अमेरिकेतलं एक सांगतो. फ्रेड ग्रे म्हणून वकील, 1955 मध्ये गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली सीट सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स या काळ्या बाईंना अटक झाली तेव्हा हे 24 वर्षांचे होते आणि त्यांची केस यांनी घेतली. पुढे टस्कीगीमध्ये काळ्या पुरुषांना सिफिलिसचे उपचार न देता सरकारी डॉक्टर नुसते बघत राहिले होते, त्या लोकांचा दावा पण यांनीच लढला. 2021 मध्ये अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराने त्यांचं नाव एका रस्त्याला दिलं, ज्या रस्त्यावर ते लहानाचे मोठे झाले तोच, आणि आधी त्याला नाव होतं जेफरसन डेव्हिसचं, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या बाजूचा अध्यक्ष! जुनी नावं बदलायला राज्यात कायद्याने बंदी, त्यामुळे 25,000 डॉलर दंड भरा नाहीतर खटला, असं राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी कळवलं, तरी शहर मागे हटलं नाही. 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी मेडल दिलं ते आहेच, पण मला रस्त्याचं जास्त मोठं वाटतं. तुमच्याकडे वाडीच्या समाजमंदिराला किंवा अभ्यासिकेला ताईंचं नाव देता येईल का बघा, ग्रामसभेत ठराव करून.

कोर्टातली:
नावापेक्षा त्यांचे कागद जपा असं मी म्हणेन. वनहक्काच्या दाव्यात गावातल्या वयस्कर माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, असे किती जबाब त्यांच्या कपाटात असतील विचार करा, त्यातली माणसं आता हयात पण नसतील. नवरा-बायको दोघांच्या नावाने वनजमिनीचा पट्टा मिळालाय का ते पण त्यातूनच कळेल. स्कॅन करा, पण सरसकट नको. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुपित त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही, आणि बलात्काराच्या किंवा पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) फाइल असतील तर त्या बाजूलाच ठेवा, पीडितेची ओळख बाहेर गेली तर तो गुन्हा आहे. कुठली फाइल द्यायची ते ताईंनाच ठरवू दे.

सुधागडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, चालू केसेसचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. काल ताईंशी बोललो. समाजमंदिराला नाव नको म्हणाल्या, साफ नको, ओटी भरायला मात्र तयार झाल्या आणि कपाटाच्या चाव्या देते म्हणाल्या, फाइल त्या समोर बसून निवडणार. कार्यक्रम वाडीवरच, भट्टीला माणसं जायच्या आत. आता दोन गोष्टी लागतील, जुने पातळ कागद न फाटता स्कॅन होतील असं मशीन पनवेल-पेण भागात कोणाकडे असेल तर कळवा, आणि वकीलपत्रांवर सह्या-अंगठे घ्यायला वाड्यांवर फिरायला कोणी येणार असेल तर मेसेज करा, जेवणाची सोय आम्ही करू.