कळंगुटची २०१२ची सिटी घ्यावी का? वर दुरुस्तीला किती धरू?

फोंड्याचा नवशिक्या:
नमस्कार मंडळी. रोज फोंड्याहून बोरी पुलावरून वेर्ण्याला नोकरीला जातो. आजवर स्कूटरवर भागवलं, पण यंदा पावसात दोनदा ताप काढला आणि घरून हुकूम सुटला. पहिलीच गाडी, बजेट सगळं मिळून अडीच लाख.

एक बघून ठेवलीय. होंडा सिटी, पेट्रोल, मॅन्युअल, नोंदणी ऑगस्ट २०१२, दुसरा मालक, मीटरवर ७८,०००, मागणी २ लाख १० हजार. गाडी कळंगुटची, मालकाच्या घरून समुद्राची गाज ऐकू येते. रंग चकाचक, एसी गारेगार, इंजिनाचा आवाजही येत नाही. सोबत नेलेला ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, डोळे झाकून घे. बायको म्हणते, डोळे झाकायचे तर स्कूटरच बरी.

या वयाच्या गाडीत काय काय निघतं आणि खिशात किती ठेवू?

म्हापशाचा जुना गिऱ्हाईक:
बाब, 'समुद्राची गाज' वाचलं आणि बाकीचं वाचावंसं वाटेना. गाडी खालून पाहिली का?

माझी सिटी नव्हती, दुसऱ्या कंपनीची सेडान होती, तीही किनाऱ्याकाठचीच. वरून आरसा. घेतल्यावर चार महिन्यांनी चोर्ला घाटात पंक्चर झाली. दाराखालच्या पट्टीला जॅक लावला आणि फिरवू लागलो. गाडी वर येईना, जॅकच आत जाऊ लागला. चकलीवर पाय पडावा तसा करकर आवाज! पट्टी आतून गंजून पापड झाली होती आणि वर पुट्टी मारून रंग दिला होता. टिंकरने दोन्ही बाजूंचा पत्रा कापून नवा वेल्ड केला. बिल ३४,०००, आणि बारा दिवस गाडी त्याच्या दारात.

खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि तांबडा चिखल, हे तिन्ही मिळून पत्रा आतून खातात. इंजिन उघडून दुरुस्त होतं, सडलेला पत्रा कापावा लागतो. म्हणून गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. दाराखालच्या पट्ट्या, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा, ब्रेकचे लोखंडी पाइप, सायलेन्सर, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. ठणठण वाजलं तर पत्रा, धपधप वाजलं तर पुट्टी. मग डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बघा.

आणि इतक्या जुन्या गाडीला चकाचक रंग का द्यावा लागला, हे मालकाला सरळ विचारा.

डिचोलीचा पाना-पक्कड:
काकांचं खरं. पण इंजिनाबद्दल उगाच घाबरू नका. १४९७ सीसीच्या या आय-व्हीटेक इंजिनाला टायमिंग चेन आहे, ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायची कटकट नाही. ऑइल वेळेवर बदललेलं असलं की ते पुष्कळ चालतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, शेवटचे कधी सेट केले तेवढं विचारा. झाकण उघडून ऑइलवर दुधाळ साय दिसली तर मात्र पुढे बोलणीच नकोत.

आता एक गोष्ट खरेदीआधीच करा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगसाठी जगभर गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात भारतातल्या जुन्या सिटीही मोठ्या संख्येने होत्या. बॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहिलं की बिघडतं. मग अपघातात बॅग फुगताना धातूचे तुकडे उडू शकतात. उष्ण आणि दमट म्हणजे आपलं बाराही महिन्यांचं हवामान. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर टाका. काम बाकी असेल तर ते फुकट करून मिळतं.

खर्चाचा अंदाज हवा तर आमच्या घरच्या २०११च्या सेडानची गेल्या दोन वर्षांची बिलं सांगतो. पुढच्या सस्पेन्शनचे शॉकअब, लोअर आर्म, लिंक रॉड मजुरीसह १७,५००. क्लच सेट मजुरीसह १२,५००. चार टायर १९,०००. बॅटरी ४,६००. यातलं निम्मं तरी पहिल्याच वर्षी येतं, कारण मोठं काम निघालं की लोक गाडी विकायला काढतात.

वास्कोवाली:
एसी गार आहे म्हणून खूश होऊ नका, आमचाही होता. मे महिन्यात गॅस गेला. भरला, दीड महिन्यात परत गेला. कूलिंग कॉइल गळत होती. ती बसते डॅशबोर्डच्या पोटात, म्हणजे अख्खा डॅशबोर्ड खाली. कॉइल ६,८००, मजुरी ४,०००, गॅस वेगळा. आणि डॅशबोर्ड परत बसवल्यापासून जी किरकिर सुरू झाली ती आजही आहे.

दुसरं, मॅट उचलून खालच्या गालिच्यावर तळवा दाबा. आमच्या फणसाखाली गाडी असायची, काचेखालच्या जाळीत पानं कुजून पाण्याची वाट बंद झाली आणि पाणी आत उतरलं. वास यायला लागेपर्यंत कोणाला पत्ता नाही. आणि हो, पावसाळ्यात उंदीर! वायरिंग एकदा कुरतडलं की इलेक्ट्रिशियनच्या फेऱ्या संपत नाहीत.

पेडण्याचा वाटसरू:
कळंगुटची गाडी आणि मीटर फक्त ७८,०००? तिथे खासगी नंबरच्या गाड्याही चोरून पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात. काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांचा, म्हणजे भाड्याच्या गाडीचा, परवाना सगळेच घेत नाहीत. ब्रेक पेडलचं रबर आणि गिअरची मूठ बघा, मीटर खोटं बोलू शकतं. सीटच्या रुळांत वाळू सापडली तर गाडी कुठे कुठे फिरलीय ते कळेल.

पणजीचा फॉर्मवाला:
कागदांचं कोणी बोललं नाही. ऑगस्ट २०२७ला पंधरा वर्षं पुरी होतात, म्हणजे फिटनेस तपासून नोंदणीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी. त्याची केंद्राची फी २०२२च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली. पत्रा सडका असेल तर तेव्हा अडकाल. विकणाऱ्याकडून मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सहीचे घ्या, चलन बाकी आहे का पाहा, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५. नुसत्या थर्ड पार्टी विम्याला या सीसीत २०२२च्या दराने ३,४१६ अधिक जीएसटी.

फोंड्याचा नवशिक्या:
काल परत जाऊन आलो. लिफ्ट म्हटल्यावर मालक म्हणाले, आता कशाला, गाडी ओळखीचीच आहे. मग स्टेपनी तरी दाखवा म्हटलं. गुडघ्यावर बसून स्वतः काढली. खळग्यात ओंजळभर वाळू, आणि मधल्या बोल्टाभोवती पत्रा इतका पातळ की किल्लीच्या टोकाने सहज भोक पडलं. मालक म्हणाले, "ते पूर्वीपासूनच आहे." म्हटलं, तेच तर.

एअरबॅगचं तपासलं, काम आधीच झालेलं निघालं. तरीही सोडली. त्यांनी लगेच १ लाख ७० हजारांवर उतरून दाखवलं, त्याने तर जास्तच घाबरलो.

मेकॅनिकला अजून कळवलेलं नाही. आता सावर्ड्याला एक पाहिलीय, समुद्रापासून लांब. पण तिकडे खाणींची धूळ. डिचोलीकर भाऊ, तिथली गाडी आधी कुठे बघू?

डिचोलीचा पाना-पक्कड:
एअर फिल्टर उघडा, मग पुढची चाकं वर उचलून हाताने फिरवा, बेअरिंग घरघरतंय का ऐका. आणि या वेळी मेकॅनिक दुसरा न्या.