मदत हवी आहे: सी-नाइनमधली तूट नवी भौतिकी की चार्मचा लूप?

बी मेसॉनच्या (बॉटम क्वार्क असलेल्या कणाच्या) विरळ क्षयांवर वाचतोय आणि सी-नाइनपाशी, म्हणजे या क्षयांमधल्या एका परस्परक्रियेची ताकद सांगणाऱ्या गुणांकापाशी, गाडी अडली आहे. २०२१ मध्ये सर्नमधल्या एलएचसीबी प्रयोगाने आर-के (म्यूऑन देणाऱ्या आणि इलेक्ट्रॉन देणाऱ्या क्षयांचं गुणोत्तर, अपेक्षा १) ०.८४६ दिला, तेव्हा सगळे लेप्टोक्वार्कच्या (लेप्टॉन आणि क्वार्क यांना जोडणाऱ्या काल्पनिक कणाच्या) मागे लागले होते (मीही!). डिसेंबर २०२२ मध्ये तो १ च्या जवळ आला. काही हॅड्रॉन इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. म्हणजे म्यूऑन-इलेक्ट्रॉन भेद गेला. इथवर ठीक.

पण २०१३ पासूनची पी-फाइव्ह-प्राइमची (क्षयातल्या कणांच्या कोनांवरून काढलेल्या राशीची) विसंगती गेलेली नाही. सी-नाइन म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन या दोन्ही लेप्टॉनसाठी सारखाच कमी धरला तर ती बऱ्यापैकी जुळते. व्हेक्टर लेप्टोक्वार्क टाऊच्या (सर्वांत जड लेप्टॉनच्या) लूपमधून, म्हणजे क्षणभर तयार होऊन विरणाऱ्या टाऊ जोडीतून, अशी तूट देऊ शकतो, शिवाय आर-डी-स्टारमधली (टाऊ देणाऱ्या आणि हलके लेप्टॉन देणाऱ्या बी क्षयांच्या गुणोत्तरातली) वाढही त्यातच बसते. मला हे फारच सोयीचं वाटतं. कारण चार्म क्वार्कचा लूपही नेमका सी-नाइनसारखाच दिसतो, आणि तो नीट मोजता येत नाही.

प्रश्न असा: चार्मचा परिणाम क्यू-वर्गानुसार (लेप्टॉन जोडीच्या वस्तुमानाच्या वर्गानुसार) बदलायला हवा, लेप्टोक्वार्कचा जवळपास स्थिर. मग क्यू-वर्गाच्या प्रत्येक बिनमध्ये (तुकड्यात) सी-नाइन वेगळा फिट करून दोन्ही खरंच वेगळे काढता येतात का? की जे-साय (चार्म आणि प्रतिचार्म क्वार्कचा कण) शिखराजवळची अनिश्चितता सगळं गिळून टाकते? कुणी असा फिट केला असेल तर जरूर सांगा.