डफडंवाल्याचा ‘मान’ म्हणजे नेमकं काय?

बांधावरचा: काल इथं एकानं लिहिलं, "विदर्भात कलावंताची जात कोणी पाहत नाही. डफडंवाल्याशिवाय पोळा फुटत नाही, म्हणजे तोरणाखालचे बैल सुटत नाहीत; पहिला मान त्याचाच." वाचून झोप लागली नाही. आम्ही मातंग. माझ्या बापानं दारव्हा तालुक्यात चाळीस वर्षं पोळ्यात डफडं वाजवलं. पऱ्हाट्यांचा जाळ करून चामडं शेकायचा, बोटानं टिचकी मारून पाहायचा, मग तोरणाखाली उभा राहायचा. पोळा फुटला की बैल पाटलाच्या अंगणात, बाप फाटकाबाहेर. बैलापुढं पुरणाचं ताट यायचं. बापाच्या ओंजळीत पोळी वरून टाकत. हा मान?

पांदण: जुन्या गोष्टी कायले उकरता? आमच्या गावात वाजंत्री पडवीत बसून जेवतात.

बांधावरचा: २०१९ची गोष्ट आहे, बापाच्या शेवटच्या पोळ्याची. आणि पडवीतच काऊन? घरात काऊन नाही?

झाडीतली: आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणेंना २०२३ला पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीची मान उंचावली. पण मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, खडी गंमत हा लोकनाट्याचा खेळ करायला गेलेल्या माझ्या भावाच्या पार्टीला आडनाव विचारून जागा दिली. दुसऱ्या शाहिराला समाजमंदिर, यांना शाळेचा ओटा.

जुना वाडा: वाजवताच कशाला? १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वाड्यानं डफडं खाली ठेवलं. हंगामभर कोणी मजुरीला बोलावलं नाही, तरी उचललं नाही.

पैनगंगा: सरकार म्हाताऱ्या कलावंतांना देतं त्या मानधनाचं बोला. महिना ५००० रुपये आहे. काकांचा अर्ज दोनदा परत आला. कात्रणं आणा, पत्रिका आणा. डफडंवाल्याचं नाव पत्रिकेत छापतं कोण?

झाडीतली: अगदी! भावाकडंही एक कागद नाही.

पैनगंगा: आणि टाळ धरता न येणारे भजनी मंडळाच्या लेटरहेडवर मानधन खातात.

पांदण: तोंड सांभाळा. माझा आजा साठ वर्षं भजनात होता.

पैनगंगा: त्यांना नाही म्हटलं. पण त्यांच्यासाठी सरपंचानं दाखला दिला असेल ना? काकांना म्हणाला, "वाजवणं तर तुमचं कामच आहे, त्यात कला कसली?"

बांधावरचा: सगळी गोम इथंच आहे. तुमची ती कला, आमची ती गावकी, गावाची बांधील चाकरी. म्हणून नाव नाही, बिदागी नाही, वर पोळीचे उपकार.

पांदण: बहिणीची लग्नपत्रिका आत्ता काढून पाहिली. बँडचं नाव आहे, डफडंवाल्याचं नाही. एवढं मान्य. पण त्यावरून अख्खं गाव वाईट ठरवू नका.

जुना वाडा: गाव राहू द्या. तुम्ही सोडणार का वाजवणं, ते सांगा.

बांधावरचा: नाही दादा. बापाचा ठेका माझ्या हातात आहे, तो मला आवडतो. यंदा पैसे आधी ठरवून तोरणाखाली उभा राहीन. पोळा फुटला की डफडं खांद्याला लावून सरळ घरी. फाटकापाशी जाणार नाही.