शैक्षणिक कर्जाचा वसुलीवाला बाबांच्या दुकानात येऊन बसतो, काय करू?

प्रश्न:
मी कराडची. २०१९ मध्ये इंजिनिअरिंगसाठी ४ लाखांचं कर्ज घेतलं, बाबा सहकर्जदार. पहिली नोकरी गेली आणि ५ हप्ते थकले. आता २२ हजारांची नोकरी लागली आहे, मला पैसे बुडवायचे नाहीत. पण वसुलीवाला रात्री साडेनऊला फोन करतो, साताऱ्याच्या आत्यालाही करतो. सोमवारी बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात मापं द्यायला आलेल्या बायकांसमोर म्हणाला, "पोरीला शिकवलंत, पैसे फेडायला नाही शिकवलंत." बाबा काही बोलले नाहीत. गळ्यात टेप तशीच. संध्याकाळी त्यांनी एका गिऱ्हाइकाचं ब्लाउजपीस चुकीचं कापलं. मला ते बघवत नाही.

उत्तर १:
ताई, मी बँकेत २८ वर्षं काढली. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये लेखी बजावलंय. तो आला की ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. त्याच्या हातात रोख एक रुपयाही देऊ नका, भरणा थेट कर्जखात्यात. शाखेत लेखी तक्रार द्या आणि शिक्का-तारखेसह पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.
त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या: मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा. सोबत नेमणूकपत्र जोडा. तक्रारीनं फोन थांबतील, थकबाकी नाही.

उत्तर २:
तो "सेटलमेंट करून टाका" म्हणेल, म्हणजे ठरलेली कमी रक्कम भरून कर्ज मिटवा. घाई करू नका. माझ्या भावानं केलं. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा लागला आणि पुढं घरकर्ज मागायला गेला तेव्हा बँकेनं नाही म्हटलं.

प्रश्नकर्ती:
काका, आज अर्धी रजा टाकून दोन्ही अर्ज दिले. क्लार्क पोच देईना. मी काउंटरपाशी उभी राहिले, मग शिक्का मिळाला. महिना साडेचार हजार झेपतील असं लिहिलंय. आत्याच्या मोबाइलवर त्याचे सात मिस्ड कॉल आहेत, तेही जोडायचे का?

उत्तर १:
जोडा. स्क्रीनशॉटवर नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. आणि आत्यांना सांगा, काहीही डिलीट करू नका.