'डीपीकेजी -एल'मधलं ते 'आरसी' सरळ शब्दांत का लिहीत नाहीत?

रात्रपाळी:
मंडळी, मी डेबियन या लिनक्सवर चालणारे दहाबारा सर्व्हर सांभाळतो. मागच्या महिन्यात एका क्लायंटने विचारलं की कुठल्या कुठल्या मशीनवर अपाची (वेबसाइट पुरवणारं सॉफ्टवेअर) आहे त्याची यादी द्या. मी सगळीकडे 'डीपीकेजी -एल' ही पॅकेजेसची (म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) यादी देणारी कमांड मारली, ग्रेपने (हवा तो शब्द असलेल्या ओळीच ठेवणारी कमांड) अपाची शोधलं, चार मशीनवर ओळ आली, यादी पाठवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी फोन, यातल्या दोन मशीनवर अपाची नाहीच म्हणे! जाऊन बघतो तर त्या ओळींच्या सुरुवातीला 'आयआय' नाही, 'आरसी' आहे. म्हणजे पॅकेज कधीच काढलेलं, फक्त कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइल्स राहिल्यात. पण त्याच ओळीत पुढे नाव आहे, पूर्ण व्हर्जन आहे, अगदी बसवलेल्या पॅकेजसारखं. आता जे मशीनवर नाहीच त्याचं व्हर्जन कशाला दाखवायचं? माझं स्पष्ट मत आहे की ही दोन अक्षरं काढून तिथे धड शब्द लिहावा.

जुना_टर्मिनल:
नाही पटलं. ती दोन अक्षरं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे तुम्हाला काय हवंय, दुसरं म्हणजे प्रत्यक्षात काय झालंय. 'आयआय' म्हणजे हवंय आणि आहे. 'आरसी' म्हणजे काढायला सांगितलं आणि कॉन्फिग उरलं. 'एचआय' म्हणजे आहे, पण होल्डवर ठेवलंय, अपग्रेड करायचं नाही. 'आययू' म्हणजे हवंय पण नुसतं उघडून ठेवलंय, कॉन्फिगर झालेलंच नाही. अपग्रेड चालू असताना मध्येच लाइट गेली की असली पॅकेजेस सापडतात, आणि तिथे नुसतं 'बसवलंय' किंवा 'नाही' लिहिलं तर दोन्ही खोटं ठरेल. आणि अक्षरांचा अर्थ यादीच्या डोक्यावर तीन ओळींत छापलेला असतो, तो वाचायचा.

रात्रपाळी:
अहो दादा, ग्रेप केलं की त्याच तीन ओळी गळतात ना! अख्खी यादी डोळ्यांनी कोण वाचतं? शिवाय एकेका पॅकेजची माहिती देणारं 'डीपीकेजी -एस' बघा. 'आरसी' झालेल्या पॅकेजवर चालवलं तर स्टेटसच्या ओळीत 'डीइन्स्टॉल ओके कॉन्फिग-फाइल्स' येतं, पण एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा) मिळतो शून्य, म्हणजे यशस्वी. स्क्रिप्टमध्ये शून्य आला की माणूस समजतो पॅकेज आहे. माझ्या आधीच्या माणसाची एक स्क्रिप्ट यावरच उभी होती.

टिल्डावाली:
तुम्ही दोघं अक्षरांवर भांडताय, पण खरी फसवणूक व्हर्जनच्या कॉलममध्ये होते असं मला वाटतं. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचचं (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) ते सुरक्षेतलं मोठं भोक उघड झालं तेव्हा मूळ प्रोजेक्टने ९.८पी१ काढून दुरुस्त केलं, पण डेबियन १२ मध्ये तीच दुरुस्ती '१:९.२पी१-२+डेब१२यू३' या नावाने आली. म्हणजे 'यू२' असेल तर धोका आणि 'यू३' असेल तर सुरक्षित, बाकी सगळं अक्षर न् अक्षर तेच! आमच्याकडे ऑडिटवाले ९.२ बघून लाल शेरा मारून गेले आणि मी दोन दिवस मेल लिहीत बसले की बाबांनो शेवटचा आकडा बघा. खिडकी अरुंद असली की कॉलम कापला जातो तो नेमका शेपटीकडूनच, आणि जीव तर त्या शेपटीत असतो. एक्सझेडचं (फाइल्स दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) तर अजून अवघड. मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, सापडला तेव्हा डेबियनने जुना कोड परत आणला, पण व्हर्जन मागे नेलं तर अपग्रेड म्हणून कुणाकडे पोचणारच नाही, म्हणून नाव दिलं '५.६.१+रियली५.४.५-१'. घाईत वाचणाऱ्याला ५.६.१ दिसतं आणि छातीत धस्स होतं, आत मात्र ५.४.५ आहे.

जुना_टर्मिनल:
ताई, उदाहरणं बरोबर आहेत पण निष्कर्ष मला उलटा वाटतो. स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, मूळ आकडा हलवायचा नाही आणि फक्त दुरुस्ती मागे आणून लावायची, हेच तर डेबियनचं वचन आहे, त्याच भरवशावर आपण रात्री झोपतो. सुरुवातीचं '१:' पासून शेवटच्या 'यू३' पर्यंत अख्खी ओळ म्हणजे व्हर्जन. ऑडिटवाला अर्धीच वाचत असेल तर चूक त्याची.

टिल्डावाली:
चूक त्याची आहे हो, पण मेल मला लिहावे लागतात. 'ही सुरक्षा दुरुस्ती लागलेली आहे' एवढी एक ओळ बाजूला आली असती तर काय बिघडलं असतं?

स्क्रिप्टवाला_बंड्या:
रात्रपाळी दादा, शब्द हवेत ना, ते आहेत की. 'डीपीकेजी-क्वेरी -डब्ल्यू'ला फॉरमॅट देऊन 'डीबी:स्टेटस-स्टेटस' मागा, सरळ 'इन्स्टॉल्ड' किंवा 'कॉन्फिग-फाइल्स' छापून येतं, ग्रेपने गळायला काही उरतच नाही. स्क्रिप्टमध्ये पॅकेजं बसवायची-काढायची 'एपीटी' कमांड वापरायला जाऊ नका, ते स्वतःच इशारा देतं की माझं आउटपुट स्थिर नाही. आणि त्याचं खरंय, ३.० पासून रंग आणि कॉलम आले, जुनं पार्सिंग (आउटपुटमधून माहिती वेचणं) कितीजणांचं मोडलं असेल. आणि आधी भाषा ठरवणारं 'एलसी_ऑल=सी' ठेवा, नाहीतर मशीनची भाषा बदलली की काही कमांडचे शब्दही बदलतात.

रात्रपाळी:
बंड्या, हे चाललं, आभार. पण हे डीफॉल्ट का नाही हा माझा प्रश्न तसाच आहे, नवीन पोरगं पहिल्या दिवशी 'डीपीकेजी -एल'च मारणार. आत्ता 'एपीटी लिस्ट' ला '~सी' देऊन सगळे 'आरसी' शोधले, एका मशीनवर तीसच्या वर निघाले. सगळे पर्ज करून, म्हणजे कॉन्फिगसकट पुसून, टाकतो आता.

जुना_टर्मिनल:
थांबा! त्या यादीत पोस्टग्रेस (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) आहे का ते आधी बघा. ते पर्ज करताना डेटाची डिरेक्टरीपण काढू का म्हणून विचारतं, घाईत हो म्हणालात तर डेटाबेस गेला. तुम्हाला जी ओळ नको होती ना, तीच सांगत असते की इथे मागे काहीतरी आहे.

रात्रपाळी:
आहे. दोन मशीनवर आहे. बॅकअप घेतो आधी.