मदत हवी आहे : इंजिन गरम झालं की गाडी बंद, क्रँक सेन्सर बदलूनही तेच

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या साखळीहून लिहितोय. गाडी पेट्रोल, बीएस-४, २०१६ची. थंड असताना एकदम मस्त चालते पण चोर्ला घाट चढताना किंवा म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये अडकून इंजिन चांगलं तापलं की धाडकन बंद. आधी झटके नाहीत, पिकअप कमी होणं नाही, काहीच नाही. बॉनेट उघडून अर्धा तास उभं राहायचं, मग एका सेल्फमध्ये चालू. बाबांना ह्याच गाडीतून नेहमी बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं, त्यांना घेऊन हायवेवर मधेच बंद पडली तर काय करायचं ह्याचं फार टेन्शन आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारा) लावला तर कोड आला पी०३३५, म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट. हाच क्रँक सेन्सर, इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा. गॅरेजवाल्यांनी सेन्सर नवा घातला, काही दिवस बरं गेलं आणि परत तेच. आता म्हणतात वायरिंग ओके आहे, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, बदला. मला हे अजिबात पटत नाहीये. कोड सर्किटचा आहे ना, मग त्यात सेन्सर, कनेक्टर, हार्नेस (वायरींचा जुडगा) सगळंच आलं, ईसीएम सगळ्यात शेवटी.

गाडीतल्या फ्युएल पंपावर माझा संशय नाही कारण बंद पडते तेव्हा गाडी गिअरमध्येच पुढे जात असते, म्हणजे इंजिन फिरतंय, तरी आरपीएमचा काटा सरळ शून्यावर. गरम असताना सेल्फ मारला तर स्कॅनरवर पण आरपीएम शून्य, थंड झाल्यावर तोच २००-२५० दाखवतो.

सेन्सर तीन वायरचा (सप्लाय, अर्थ, सिग्नल), हॉल टाइपचा म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला आहे त्यामुळे ओहम मोजून काही कळणार नाही. म्हणून इग्निशन ऑन ठेवून, कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून पिन घालून सप्लाय मोजला. थंड असताना ४.९८ व्होल्ट. मग हेअर ड्रायरने आधी फक्त सेन्सर तापवला, काही फरक नाही. पण हार्नेस जिथे एक्झॉस्टच्या बाजूने वळतो, क्लिपच्या जरा पुढे, तिथे गरम हवा मारली की आकडा घसरत घसरत ३.२ वर येतो आणि वायर बोटाने हलवली की नाचतो! कनेक्टर काढून मोजलं तर मात्र तेव्हाही पूर्ण ५ व्होल्ट, कारण सेन्सर करंटच खेचत नाही ना. मला वाटतं गॅरेजमध्ये असंच मोजून वायरिंग ओके म्हणाले असणार. कनेक्टरचं रबर सील एका बाजूने दबलंय आणि सप्लायच्या पिनवर हिरवट थर होता, आपल्याकडची पावसाळी दमट हवा माहीतच आहे, तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला पण त्याने प्रॉब्लेम गेला नाही, म्हणजे ओल वायरच्या आतपर्यंत गेली असावी.

आता अडलंय ते असं. क्रँक सेन्सरवर ३.२ असताना मॅप सेन्सरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) पिनवर ५ व्होल्ट व्यवस्थित होते. दोघांना एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून सप्लाय असेल तर ईसीएममधून येणारा ५ व्होल्टचा सप्लाय नक्की चांगला आहे, पण काही ईसीएममध्ये अशा दोन वेगळ्या लाइन असतात. वायरिंग डायग्राम कोणाकडे आहे का? मॉडेल व्यनि करतो. आणि तेवढा तुकडा कापून नवी वायर टाकायची तर सोल्डर करू की क्रिंप (स्लीव्ह दाबून जोड)? एक्झॉस्टजवळ व्हायब्रेशन पण खूप असतं आणि सिग्नलची वायर मी उगाच छेडू इच्छित नाही.

फोंडा, डिचोली, म्हापसा कुठेही ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून गरम इंजिनवर सिग्नल बघणारा ऑटो इलेक्ट्रिशन माहीत असेल तर तेही कळवा प्लीज. चवथीच्या आधी गाडी भरवशाची व्हायला हवी, घरात दुसरी गाडी नाही.